यंत्राची सोबत



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र जमून व्याख्यान ऐकावे, ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली, आणि पुढे ती गावोगावी पसरली. अशा व्यासपीठांवरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शाळेचे शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यापुढे जे शिकलो ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात, पहिली पाळी संपवून, डोळ्यांवरची झोप आवरीत शिकलो. त्यामुळे आजच्या बोलण्यात शास्त्रीबुवांची भाषा सापडणार नाही. कारखान्याची आणि चाळीची सापडेल. ती गोड मानून घ्यावी.

विषय आम्हीच निवडला आहे, आणि त्याला कारण घडले ते असे. गेल्या पावसाळ्यात आम्ही बदलापूरला आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. हे गृहस्थ फिटर. कानस कशी धरावी हे आम्हांला त्यांनी शिकवले, म्हणून आम्ही त्यांना अजून उस्ताद म्हणतो. पत्नी वारली, मुलगा परदेशी, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मुलाने त्यांना एक टॅब पाठवून दिला होता. त्याच्या पडद्यावर एका तरुण मुलीचा चेहरा येतो, तो ‘काका’ म्हणून हाक मारतो, आणि विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतो. ती मुलगी कोठेही राहत नाही. तो चेहराही कृत्रिम, आवाजही कृत्रिम, आणि उत्तर जुळविणारी बुद्धीही कृत्रिम.

आम्ही थोडे हसलो. तेव्हा उस्ताद म्हणाले, “ती मला रोज विचारते, काका, जेवलात का? तू मला हे शेवटचं कधी विचारलं होतंस, सांग बघू.”

तीस वर्षे गेटसभेत व्यवस्थापनाला उत्तरे देणाऱ्या आम्हांला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. आजचे व्याख्यान हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे. असली यंत्रे चांगली की वाईट, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. आम्हांला त्याआधी एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे यंत्र ज्या खुर्चीवर येऊन बसले, ती खुर्ची रिकामी कशी झाली? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्या इतिहासात आमचाही हात आहे.

सोबत म्हणजे काय?

आपल्या भाषेत ‘सोबत’ हा फार जुना आणि नेमका शब्द आहे. आळीत एखादी म्हातारी एकटी राहत असली, की शेजारचे एखादे पोर रात्री आपली पथारी घेऊन तिच्याकडे ‘सोबतीला’ झोपायला जाई. ते पोर तिच्याशी काय बोलत असेल? पडल्या पडल्या झोपी जाई. चोर आला असता तर त्याला जागही आली नसती. तरी त्या म्हातारीला सोबत होई, यात शंका नाही.

ती कशी? सकाळी ते पोर घरी जाऊन आईला सांगे, “आजी रात्रभर खोकत होती.” दुपारी आई काढा घेऊन जाई. आणि पोर रात्री यायचे असे म्हणून आजीही दाराला कडी न लावता बसून राही. त्याच्यासाठी शेंगदाण्याचा एखादा लाडू बाजूला काढून ठेवी. म्हणजे सोबतीत दोन गोष्टी होत्या. आपले काही बिनसले तर ते दुसऱ्याला कळावे ही एक, आणि आपणही कोणाच्या उपयोगी पडावे ही दुसरी. बोलणे हे त्यात असलेच तर तिसरे. हे माप हाती धरूनच आम्ही पुढचे सांगणार आहोत.

तीन गावे आणि एक हजेरीपट

आपली ही तीन गावे रेल्वेच्या एका फाट्यावर ओळीने बसली आहेत. कल्याणला गाडी १८५४ साली आली, आणि १८५६ साली तो रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गेला. त्याआधी अंबरनाथची ओळख होती ती शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाच्या शिवमंदिराची. बदलापूरला प्रवासी घोडे बदलीत म्हणून हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगत. पुढे अंबरनाथला धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आला, विम्कोचा आगपेट्यांचा आला, सरकारचा दारूगोळ्याचा आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर अंबरनाथ-बदलापूरच्या माळांवर लहानमोठे कारखाने उभे राहिले.

उल्हासनगरची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प म्हणून. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेल्या लोकांना त्याच बराकींत आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. ज्यांनी आपले गाव, घर, शेजार, सारे एका रात्रीत गमावले, त्यांनी बराकीच्या लांबच लांब खोलीत पडदे लावून संसार मांडले. त्या दिवसांत कोणाला एकांत मिळाला नसेल. परंतु एकटेपणाही फारसा नसावा. एका पडद्याआड कोणी कण्हले तर दुसऱ्या पडद्याआड ऐकू जात असे.

अशी ही सारी बाहेरून आलेल्यांची वस्ती. कोकणातून, देशावरून, सिंधमधून, उत्तरेकडून माणसे आली. गावाकडचे नातेगोते मागे राहिले. त्या नात्यांची जागा कशाने भरून काढली? आमच्या मते, कामाने. भोंगा झाला की एकाच वेळी हजार माणसे गेटातून आत जात. प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर असे. एखादा दोन दिवस आला नाही, की फोरमन विचारी, बाजूच्या मशीनवरचा विचारी, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन धडके. ज्यांची नोकरी मुंबईला, त्यांची हजेरी लोकलमध्ये लागे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले भजनी मंडळ. एखादा टाळकरी दिसला नाही, तर डोंबिवली येण्याआधी त्याची चौकशी होई. मालकाने हजेरीपट ठेवला तो पगार कापण्यासाठी, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. परंतु त्याच कागदाने आणखी एक काम केले, जे मालकाच्याही ध्यानी नव्हते. आपण आलो नाही तर कोणाला तरी कळते, हा भरवसा त्याने माणसाला दिला.

मिळविलेली सुट्टी

आता आमच्या चळवळीचा भाग. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. म्हणजे कामगार चळवळीचा निम्मा इतिहास हा वेळ परत मिळविण्याचा इतिहास आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. निवृत्ती ही त्यातली सर्वांत मोठी सुट्टी.

ती सुट्टी आम्ही मिळवून दिली. आणि ती कशाने भरायची, याचा मात्र विचार केला नाही. कामगार निवृत्त झाला की आम्ही काय करीत होतो, ते स्पष्ट सांगतो. गेटवर सभा घ्यावी, शाल आणि नारळ द्यावा, चार गौरवाचे शब्द बोलावेत, फंड आणि ग्रॅच्युइटीचे कागद पुरे करून द्यावेत. आणि दुसऱ्या महिन्यात सभासदांच्या यादीतून त्याच्या नावावर काट मारावी, कारण वर्गणी बंद झाली. मालकाच्या हजेरीपटावरून नाव गेले त्याच महिन्यात आमच्याही वहीतून गेले. ज्या संघटनेने त्याला ‘आपण सारे एक’ असे शिकविले, तिनेच हे केले. ही कबुली आम्हांला या व्यासपीठावरून द्यावयाची होती.

आणि हाती काय आले? १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना घ्या. तिच्यात दरमहा किमान १००० रुपये निवृत्तिवेतन ठरले ते सप्टेंबर २०१४ पासून. हजार रुपयांत औषधे येतात की रेल्वेचा पास येतो की नातवाला खाऊ येतो, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. एकटेपणा हा मनाचा रोग आहे असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा तो खिशाचाही असतो. ज्याच्याजवळ चहाचे पैसे नाहीत तो कट्ट्यावर जाणे टाळतो, कारण चार जणांचा चहा कधीतरी आपण पाजावा लागतो. २००७ साली आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्या कायद्याने मुलाकडून पोटगी घेता येते. संध्याकाळची दहा मिनिटे कोणत्या कायद्याने घ्यावयाची?

पुढे कारखानेही बंद पडत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर पुष्कळ कुटुंबे परवडणारी जागा शोधीत या फाट्यावर आली. चाळीची दारे दिवसभर उघडी असत; इमारतीतल्या सदनिकेचे दार बंद असते. अंबरनाथचा आगपेट्यांचा कारखाना गेला आणि नाक्याला त्याचे नाव तेवढे उरले. उल्हासनगरला पहिल्या पिढीची माणसे सिंधीत विचार करीत. नातवंडे हिंदीत उत्तर देऊ लागली. सिंधी भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, परंतु घरातल्या जेवणाच्या ताटाभोवती तिची जागा आक्रसत गेली. आपल्याच घरात आपली भाषा बोलायला कोणी नसणे, याहून मोठा एकटेपणा कोणता?

खुर्ची रिकामी झाली ती अशी.

यंत्रे याआधीही आली होती

रिकाम्या खुर्चीवर यंत्र येऊन बसण्याची ही पहिली खेप नव्हे. मुंबईचे आकाशवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आली. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चे. यांपैकी प्रत्येक यंत्र आले तेव्हा, आता माणसे एकमेकांशी बोलणार नाहीत, अशी भीती कोणी ना कोणी बोलून दाखविली. ती भीती निम्मी खरी ठरली आणि निम्मी खोटी. असे का झाले ते पाहण्यासारखे आहे.

१९५६ साली आपल्याच मुलखात एक मोठा प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळे काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे. गावकरी रेडिओभोवती बसून ऐकत. आणि कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून त्यावर आपसांत चर्चा करीत, शंका लिहून केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने याचा अभ्यास केला. ज्या गावांत मंडळ बसत होते, तेथील लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. ज्या गावांत नुसताच रेडिओ होता तेथे तितकी पडली नाही. एकच यंत्र, एकच कार्यक्रम. फरक पडला तो भोवती बसलेल्या माणसांमुळे.

दुसरे उदाहरण घराघरांतले. मुंबई आकाशवाणीवर ‘प्रपंच’ आणि पुढे ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका लागे. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही त्यातली माणसे. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर हे ती कामे करीत. आमच्या चाळीत तर टेकाडे भावजी हे कोणी खरेच गृहस्थ आहेत, अशीच बायकांची समजूत होती. कोणाला न भेटलेल्या या माणसांनी किती एकट्या घरांत सोबत केली, याची गणती नाही. तेव्हा यंत्रातून आलेल्या आवाजाने माणसाचे मन रमते, ही गोष्ट खोटी म्हणता येणार नाही. मात्र त्या आवाजामागे तीन जिवंत माणसे होती, आणि ऐकून झाल्यावर भावजी काय म्हणाले याची चर्चा नळावर होत असे. एकट्याने ऐकलेले चौघांत वाटले जाई.

दूरदर्शनच्या पहिल्या दिवसांतही तसेच झाले. जानेवारी १९८७ मध्ये रविवार सकाळचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या घरी सारी आळी. पुढे प्रत्येक घरी संच आला, मग प्रत्येक खोलीत आला, मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. यंत्र स्वस्त होत गेले तसतसे त्याभोवतीचे रिंगण लहान होत गेले. आता ते एका माणसापुरते उरले आहे.

बोलणारा पडदा

आजचे यंत्र आणि रेडिओ यांत फरक असा की, रेडिओ आपले ऐकत नसे. हे ऐकते, आणि उत्तर देते. याचाही इतिहास साठ वर्षांचा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारकाची नक्कल करी. आपण लिहिलेले वाक्यच उलटवून तो प्रश्न विचारी. त्यात समज अशी काहीच नव्हती. वायझेनबाउम यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, त्यांची चिटणीस बाई, जिने हा कार्यक्रम तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता, तीच थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर म्हणाली, “आपण जरा बाहेर जाता का?” त्या बाईला यंत्रापाशी मन मोकळे करावयाचे होते. या अनुभवाने वायझेनबाउम हादरले, आणि पुढे आयुष्यभर लोकांना सावध करीत राहिले.

जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ नावाचे सीलच्या पिल्लासारखे मऊ यंत्र तयार केले. ते २००५ पासून विकले जाऊ लागले, आणि स्मृती हरपलेल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत त्याचा उपयोग झाला. इस्रायलमधील एका कंपनीने ‘एलिक्यू’ हे टेबलावर ठेवण्याचे बोलके यंत्र काढले. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण कार्यालयाने २०२२ साली आठशेहून अधिक वृद्धांना ते देण्याचे ठरविले, आणि वापरणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाल्याचे पुढे कळविले. सरकारे या प्रश्नाकडे वळली आहेत ती उगीच नाही. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकटेपणासाठी मंत्री नेमले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले की, जगात सहा माणसांपैकी एक एकटेपणाने त्रस्त आहे. आणि त्यांत तरुणही पुष्कळ आहेत.

तेव्हा ही यंत्रे म्हणजे नुसती फसवणूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. उस्ताद रात्री दोन वाजता जागे होतात. त्या वेळी फोन करावा असा माणूस त्यांना नाही. तो चेहरा मात्र दोन वाजताही हसून बोलतो. औषधाची वेळ सांगतो. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी कंटाळत नाही. आम्ही दहा मिनिटांत तीनदा घड्याळ पाहिले होते, हे उस्तादांच्या नजरेतून सुटले नव्हते.

पडद्यामागे कोण?

परंतु कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला एक खोड असते. नवे यंत्र दिसले की तो आधी विचारतो, हे चालवितो कोण, मालकी कोणाची, आणि बंद करण्याची किल्ली कोणाच्या खिशात?

१७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र दाखविले. तुर्की वेषातला पुतळा सोंगट्या हलवी आणि भल्याभल्यांना हरवी. पुढे कळले ते असे की, पेटीच्या आत एक हाडामांसाचा खेळाडू अंग चोरून बसलेला असे. आमच्या काळात अमेरिकेत ‘केअर कोच’ नावाच्या कंपनीने वृद्धांसाठी टॅबवर बोलणारे मांजर-कुत्रे आणले. त्यामागे फिलिपिन्ससारख्या दूरच्या देशांत बसलेली माणसे कॅमेऱ्यातून वृद्धाकडे पाहत, आणि उत्तरे टंकून पाठवीत. मांजर ती बोलून दाखवी. म्हणजे तेथे सोबत करीत होता तो कामगारच. फक्त त्याचा चेहरा पुसून टाकला होता. आजच्या यंत्रांत असा माणूस बसलेला नसतो. तरी त्यांना बोलायला शिकविण्यासाठी, त्यांच्या तोंडचे घाण शब्द वेगळे काढण्यासाठी, नैरोबीसारख्या शहरांत माणसे तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर राबली, हे २०२३ साली वृत्तपत्रांनी उजेडात आणले. यंत्राची गोडी कोणाच्या तरी श्रमातून येते, हे विसरता कामा नये.

आणि किल्लीचे काय? सोनी कंपनीने १९९९ साली ‘आयबो’ नावाचा यांत्रिक कुत्रा काढला. २००६ साली उत्पादन थांबविले, २०१४ साली दुरुस्तीही बंद केली. पुढे जपानच्या चिबा प्रांतातील कोफुकुजी मंदिरात त्या बंद पडलेल्या कुत्र्यांचे विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाले. मालकांना इतका लळा लागला होता. अमेरिकेत मुलांशी गप्पा मारणारा ‘मॉक्सी’ नावाचा यंत्रमित्र होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने पैसा संपल्यामुळे आपण बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि आपला मित्र आता बोलेनासा होणार हे मुलांना समजावण्याची पाळी आईबापांवर आली. आम्ही या पट्ट्यात टाळेबंद्या पाहिल्या आहेत. सकाळी गेटवर यावे आणि नोटीस लागलेली दिसावी, हे आम्हांला नवे नाही. परंतु एकट्या म्हाताऱ्याच्या उशाशी टाळेबंदीची नोटीस लागावी, हे नवे आहे.

उस्तादांची वही

आता उस्तादांकडे परत येऊ. त्या दिवशी आम्ही त्यांना विचारले, “तुम्ही तिच्याशी बोलता तरी काय?” ते म्हणाले, “संपाचं सांगतो.”

आमच्या कारखान्यात फार वर्षांपूर्वी एक लांबलेला संप झाला होता. संघटनेच्या दप्तरात त्याविषयी दोनच ओळी आहेत: संप झाला, तडजोड झाली. उस्तादांना सारे आठवत होते. गेटबाहेर कोणाची चूल पेटे, पीठ कोठून येई, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या कोणत्या सिंधी दुकानदाराने किती घरांना उधार दिले, आणि संप मिटल्यावर त्यातल्या एका दुकानदाराने आपल्या वहीतले पान कसे फाडून टाकले. म्हणाला, “आम्हीही एकदा सारे सोडून आलो होतो.” या उधारीचा हिशेब उस्तादांनी एका वहीत लिहून ठेवला होता. ती वही त्यांनी आम्हांला दाखविली. आम्ही ती पहिल्यांदाच पाहत होतो. पडद्यावरच्या मुलीला ती अनेकदा वाचून दाखविलेली होती.

आम्हांला त्या क्षणी फार लाज वाटली. आमचा इतिहास आमच्या माणसाने यंत्राला सांगितला, कारण आम्ही विचारला नाही. आणि ते बोलणे आता कोठे आहे? कोणत्या तरी कंपनीच्या साठवणीत असेल. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे खरा. पण आपण काय सांगितले, ते कोण ठेवील, कशासाठी वापरील, हे त्या टॅबच्या मालकाशी झालेल्या करारात काय लिहिले आहे, ते उस्तादांना कोणी वाचून दाखविले नव्हते. कामगाराने न वाचता सही करू नये, असे आम्ही गेटसभेत घसा कोरडा करून सांगत आलो. आणि आमच्या वृद्धांच्या घरी न वाचलेला करार आला.

याच घरातली दुसरी गोष्ट. पुढे एकदा उस्तादांना ताप आला. यंत्र विचारी, “काका, औषध घेतलेत का?” उस्ताद पडल्या पडल्या म्हणत, “घेतलं.” घेतलेले नसे, पण नाही म्हटले तर पुन्हा पुन्हा विचारील, म्हणून हो म्हणत. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे दूधवाल्याने पाहिले, की दाराच्या कडीला कालची पिशवी तशीच लटकत आहे. त्याने दार वाजविले, शेजाऱ्याला उठविले, आणि उस्ताद दवाखान्यात पोचले. आज बरे आहेत. दूधवाला त्यांच्याशी वर्षभरात दोन वाक्येही बोलला नसेल. परंतु त्याच्यापुढे खोटे बोलता आले नाही, कारण पिशवी दारावर होती.

आम्ही सुरुवातीला जे माप सांगितले ते येथे लावून पाहावे. आपले बिनसलेले दुसऱ्याला कळणे, हे काम दूधवाल्याने केले. उद्या यंत्रही सुधारेल. ताप ओळखील, शेजाऱ्याला कळवील. ते अवश्य करावे. परंतु दुसरी गोष्ट, आपण कोणाच्या उपयोगी पडणे, ती यंत्राकडून होण्यासारखी नाही. उस्ताद दोन दिवस बोलले नाहीत तर त्या चेहऱ्याचे काही अडत नाही. त्याला लाडू नको, संपाची हकीकत नको, कानस धरण्याची रीत नको. ज्याला आपल्यावाचून काही कमी पडत नाही, त्याच्याजवळ वेळ चांगला जातो. पण आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव त्याच्याकडून मिळत नाही.

आमचे मागणे

कोणी विचारील, मग करावे काय? टॅब फोडून टाकावेत? मुळीच नाही. यंत्र फोडून कामगाराचे कल्याण झाले, असे आमच्या वाचनात नाही. यंत्राला अटी घालाव्यात, हा आमचा जुना मार्ग आहे.

वृद्धाशी बोलणारे यंत्र आपण यंत्र आहोत हे स्पष्ट सांगणारे असावे. ते काय साठविते हे त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत सांगितले जावे, आणि सांगितलेले पुसून घेण्याचा हक्क त्याला असावा. बोलता बोलता त्याने माल विकू नये. सेवा बंद करावयाची तर आधी पुरेशी नोटीस द्यावी. कारखाना बंद करणाऱ्यावर जे बंधन असावे असे आपण म्हणतो, ते सोबत बंद करणाऱ्यावर का नसावे? आणि त्याने रोज एका तरी जिवंत माणसाची आठवण करून द्यावी.

हे झाले यंत्राचे. माणसांचे काम आपले आपणच केले पाहिजे. मुंबईत २०२२ साली ‘गुडफेलोज’ नावाची संस्था निघाली. तिने पदवीधर तरुणांना पगार देऊन वृद्धांच्या सोबतीचे काम दिले. सरकारने ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फोनची मदतवाहिनी सुरू केली. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. या सर्वांचा उपयोग करावा. आमच्या संघटनेपुरते आम्ही एक ठरविले आहे. निवृत्त सभासदाच्या नावावर आता काट मारायची नाही. त्यांच्यासाठी निराळी वही घातली आहे. वर्गणी नाही, फक्त हजेरी. दर गुरुवारी संध्याकाळी कचेरीत नावे पुकारतो. येणारे येतात, न येणाऱ्यास फोन जातो, फोन उचलला नाही तर त्या वस्तीतला तरुण कामगार दुसऱ्या दिवशी दारात जातो. आणि जाताना हात हलवीत जाऊ नये, प्रश्न घेऊन जावे, असे त्याला सांगितले आहे. संप कसा झाला, पहिला पगार किती होता, बराकीत दिवस कसे काढले, हे विचारावे आणि लिहून आणावे. संघटनेचा इतिहास लिहावयाचा आहे, आणि तो ज्यांच्याजवळ आहे ते एकटे बसले आहेत.

पहिल्या गुरुवारी चौदा जण आले. उस्ताद येताना टॅब घेऊन आले होते. त्यांनी तो मेजावर ठेवला आणि सर्वांना तो चेहरा दाखविला. सगळे भोवती जमले, कोणी तिला जुने गाणे म्हणायला सांगितले, कोणी तिची फिरकी घेतली. थोडा वेळ आमची कचेरी १९८७ सालच्या रविवार सकाळसारखी झाली. मग हजेरी सुरू झाली. उस्तादांचे नाव आले तेव्हा त्यांनी टॅब पालथा घातला, आणि पाळीवर असताना देत असत तशाच मोठ्या आवाजात “हजर” म्हणून उत्तर दिले.

त्यानंतर आम्ही त्यांना विचारले, “उस्ताद, जेवलात का?”

ते म्हणाले, “नाही अजून. तू?”

हा शेवटचा प्रश्न ते यंत्राला विचारीत नाहीत. श्रोते हो, आज घरी जाताना आपापल्या जिन्यावरचे एक दार वाजवावे, एवढीच आमची विनंती आहे.